औषधाची सूट

बेळगावातल्या अनगोळात त्रिशला मगदूम राहते. वय पंचावन्नच्या आसपास. माहेर निपाणीच्या पलीकडचं, तंबाखूच्या रानातलं. नवरा आण्णाप्पा बेळगाव-निपाणी बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त. एकुलती मुलगी ब्राह्मी बंगळूरला नोकरी करते. घर स्वतःचं आहे, दारात शेवग्याचं झाड आहे आणि घरात कुणाचं काही वाईट झालेलं नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगायला हवं. तीनेक वर्षांपूर्वी त्रिशला आजारी पडली तेव्हा सगळे कारण शोधत होते, आणि कारण सापडत नव्हतं.

सुरुवात दुधापासून झाली. गॅसवर दूध उतू जात होतं आणि ती ते बघत उभी होती. हात उचलून बटण फिरवायचं, एवढंच काम. पण हात कुठेतरी लांब, दुसऱ्याच गावाला असल्यासारखा वाटला. दूध ओट्यावरून खाली ओघळलं, विझलेल्या गॅसचा वास सुटला, आण्णाप्पा धावत आला. ती म्हणाली, "दिसत होतं मला."

मग झोप गेली. मग भूक. मग बोलणं. पहाटे जाग आली की छातीवर काहीतरी बसलेलं असायचं. त्याला ना वजन होतं ना आकार, पण ते उठत नसे. मागच्या दाराच्या पायरीवर ती तासन्‌तास बसायची. बघायला आलेल्या बायका विचारायच्या, "काय कमी हाय गं तुला?" हाच प्रश्न ती स्वतःलाही विचारायची. काही कमी नव्हतं, म्हणून शरम वाटायची. दुःखाला कारण असलं की त्याला पाट मांडून एका जागी बसवता येतं. हिचं दुःख घरभर उभंच होतं.

आण्णाप्पानं त्याला सुचलं ते केलं. अमावास्येला तिला बसनं स्तवनिधीला नेलं, तिथल्या क्षेत्रपाल ब्रह्मदेवाला तेल वाहिलं. त्या भागातले जैन लोक अडीअडचणीला तिथेच जातात आणि त्या क्षेत्राला घरगुती तोंडात तवनिधी म्हणतात. चार-पाच अमावास्या झाल्या. शेवटी ब्राह्मी रजा काढून आली आणि आईला कॅम्पातल्या एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी 'का' असं विचारलंच नाही. 'झोप कशी आहे?' असं विचारलं. त्या एका साध्या प्रश्नावर त्रिशला रडली.

रात्री झोपताना एक गोळी. काही आठवड्यांनी झोप आली, मग भूक आली. बोलणंही आलं, पण हिशोबाचं. ती स्वयंपाक करायची, देवळात जायची, फोनवर लेकीशी बोलायची. पण सगळं काचेआडून. गोळीचं घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगू नकोस असं कुणी म्हणालं नव्हतं. तरीही.

पुढे दोनेक वर्षांनी दोन आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास बेळगावात झाला. दिवाळीनंतर त्यांचा विहार ठरला, पायी स्तवनिधीपर्यंत. माताजींबरोबर चालायला दहा-बारा बायका निघाल्या. वाटेत त्यांच्या आहारासाठी चौका लावायचा होता, म्हणजे सोवळ्याचा, ताज्या दळणाचा स्वयंपाक. त्याची सगळी सूत्रं शेजारच्या राजश्रीकडे होती. ती एक दिवस दारात येऊन उभी राहिली.

"त्रिशलाक्का, चल की."

"मला कुठलं चालवतंय गं?"

"मग टेम्पोत बस. पोळ्या तरी लाटशील. तुझ्या हातच्या पोळ्या मऊ असत्यात, माझ्या म्हणजे नुसत्या चपला."

त्रिशला डॉक्टरीणबाईंना विचारून आली. त्या खूश झाल्या. "चाला की. उन्हात चाला, माणसांत चाला. फक्त गोळी चुकवू नका."

आण्णाप्पाला मात्र हसावं की रागवावं ते कळेना. "जल्मभर मी ह्या रस्त्यानं माणसं बसवून नेली, आणि माझीच बायको चालत निघाली! डेपोत कळलं तर हसून मरतील."

"मरूदेत. तुमच्या बसनं मी इतक्यांदा गेलो, काय दिसलं मला? खिडकीची शीट कायम तुमच्या ओळखीच्या माणसाला."

दोन वर्षांत तिनं मारलेला तो पहिला टोमणा होता. आण्णाप्पानं तिच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट आपल्या हातानं ठेवलं, साड्यांच्या मधोमध, गुंडाळून.

*

उजेड चांगला फुटल्यावर विहार सुरू झाला. माताजी अंधारात चालत नाहीत. पहिल्या दिवशी निघताना थोरल्या माताजींनी बायकांना एवढंच सांगितलं, "बोलायचं नाही. पाऊल टाकायच्या आधी चार हात जमीन बघायची. कुणी पायाखाली येऊ नये."

चार हात जमीन. महामार्गाच्या कडेची पट्टी, रुंदीकरणाची खडी, उसाचं पाचट, फुटक्या बाटलीची हिरवी काच, मुंग्यांची ओळ. एक गोम अंग वळवून पडलेली. शेजारून ट्रक जायचा आणि सगळ्यांचे पदर एकाच बाजूला उडायचे. ऊस भरलेले ट्रॅक्टर कन्नड गाणी मोठ्यानं लावून कारखान्याकडे निघाले होते. त्रिशला वर बघत नव्हती. काकतीपर्यंत तिच्या टाचा सोलल्या, आणि तिच्या ध्यानात आलं की इतका वेळ आपण फक्त टाचांचाच विचार करतोय.

दुसऱ्या दिवशी टाचाही मागे पडल्या. चार हातांच्या पलीकडे उद्या नव्हता आणि अलीकडे काल नव्हता. मुंगी होती, तिला वाट द्यायची होती. घरी बसल्या जागी मन तेच तेच दळत राहायचं. इथे जात्यात दाणाच पडत नव्हता. पाय चालायचे, श्वास पायांच्या मागोमाग यायचा. पुढे माताजींच्या हातातली मोरपिसांची पिंछी हलायची, मागे राजश्रीच्या धापा.

वंटमुरीच्या चढावर समोरून येणारी निपाणी-बेळगाव बस हळू झाली. कंडक्टर आण्णाप्पाचा जुना सोबती होता. दारातून अर्धा बाहेर लोंबकळत तो ओरडला, "वहिनी! आण्णाप्पानं सुट्टे न्हाईत म्हणून उतरवलं काय वो?"

बायका तोंडावर पदर धरून हसल्या. त्रिशलाही हसली. आपलाच आवाज कानावर पडला तशी ती दचकली. खूप दिवसांनी कुणीतरी दार वाजवावं आणि उघडल्यावर दारात आपणच उभं असावं, असं काहीतरी. माताजी थांबल्या नाहीत, पण त्यांच्या खांद्यांची हालचाल बघून त्याही हसतायत असं तिला वाटलं.

हत्तरगीच्या अलीकडे एका वस्तीवर तीन-चार घरांत चौके लागले होते. आहाराला निघताना माताजी मनात एक संकेत धरतात. दारादारांत उभ्या असलेल्यांपैकी ज्यांच्याशी तो जुळेल तिथे थांबतात, नाही जुळला तर उपाशी परततात. कोणता संकेत, ते कुणालाच ठाऊक नसतं. त्रिशला नारळ ठेवलेला कलश घेऊन "वंदामि माताजी, वंदामि" म्हणत उभी होती. आपल्यासमोर कुणी थांबेल असं तिला वाटलंच नव्हतं. थोरल्या माताजी दोन दारं ओलांडून आल्या आणि तिच्यासमोर थांबल्या.

पहिला घास तिनं माताजींच्या ओंजळीत ठेवला. हात थरथरला नाही. जो हात दुधाच्या वेळी परगावाला होता, तो आज जागेवर होता.

आहार दिल्यावर माताजींकडून एखादा नियम घ्यायची रीत आहे. कुणी महिनाभर गोड सोडतं, कुणी एखादी भाजी. त्रिशलाचं मन इतकं भरून आलं होतं की तिला एखादी भाजी पुरेना.

"तवनिधी येईस्तोवर एकाशन. दिवसातनं एकदा जेवणार. त्याच्यानंतर तोंडात काय न्हाय. पाणीसुदिक न्हाय."

माताजींनी तिच्याकडे निरखून बघितलं. "चालून चालून करणार? जमेल?"

"जमंल."

"औषध काही चालू आहे का? औषधाची सूट ठेवायची का?"

ही सूट काही विशेष गोष्ट नाही. माताजी सगळ्यांनाच विचारतात. निम्म्या बायका सूट ठेवून घेतात आणि कुणाला काही वाटत नाही. राजश्रीनं कालच थायरॉईडसाठी ठेवली होती. पण तिला लगेच बाजूच्या बाईनं विचारलं होतं, कसली गोळी, कितीची, कुठल्या डॉक्टरची. आत्ताही सगळ्या भोवती उभ्या होत्या. त्रिशलाला त्यांचे कान दिसले.

"नको," ती म्हणाली. "मला औषध कसलंच न्हाय."

*

पहिल्या रात्री काही झालं नाही. पाय इतके दमले होते की गोळीवाचूनच झोप लागली. दुसऱ्या दिवशी तिनं ब्राह्मीला फोन केला. "मी बरी झालो गं. खरंच. चालल्यानं झालं." तिकडून लेक आनंदानं काहीतरी बोलत राहिली. गोळीचं तिनं विचारलं नाही आणि इकडूनही काही सांगितलं गेलं नाही. त्रिशलाला ते खोटं वाटतही नव्हतं. ऊन स्वच्छ होतं, शाळूचे कोंब वर आले होते, रस्ता तिच्या पायांखालून आपोआप मागे सरकत होता. गोळी बंद करून बरं वाटतंय की चालून बरं वाटतंय, हे वेगळं करायची तिला गरज वाटली नाही. दोन्ही तिला एकच पुण्य वाटलं.

पण संकेश्वर जवळ आलं तशी मान वळवली की डोक्यात झिणझिणी उठू लागली, उघड्या तारेला हात लागावा तशी. घाम सुटायचा. एक रात्र डोळा लागला नाही, मग दुसरी. चार हात जमिनीवरच्या मुंग्या दिसायच्या, पण त्या आता नुसत्या मुंग्याच होत्या. पहाटे उठून बसली तर छातीवर ते होतं. आधीचंच. रस्त्यानं, तिच्यामागून, तेही चालत आलं होतं.

त्या दिवशी दुपारी आण्णाप्पा बसनं संकेश्वरला आला. निमित्त शालीचं. थंडी वाढलीय, असं म्हणाला. बायका एका मंगल कार्यालयाच्या ओसरीवर विसावल्या होत्या. त्रिशला टोकाला भिंतीला टेकून बसली होती आणि तो समोर येऊन उभा राहिला तरी तिनं वर बघितलं नाही. आण्णाप्पानं ते बसणं ओळखलं.

"गोळी घ्यालीस न्हवं?"

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"त्रिशला."

"नेम घेतलाय मी. जेवणानंतर काय घ्यायचं न्हाय."

"मग औषधाची सूट?"

"माताजींनी विचारलं हुतं. मी म्हटलं, मला औषध न्हाय."

आण्णाप्पा तिच्या शेजारी बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ ती सारखी करत राहिला.

"चल घराला," तो म्हणाला. "बस हाय आत्ता."

"न्हाय येत."

"मग जेवताना घे की गोळी. दुपारच्याला."

"गोळीनं गुंगी येती. मग सांजचं चालायचं कसं? आणि सगळ्या पंगतीला असत्यात."

"असूद्यात."

"तुम्हाला काय जातंय असूद्यात म्हणायला!"

आण्णाप्पा हसला नाही. "मला काय जातंय? तू त्या मागल्या पायरीवर बसायचीस न्हवं, मी रोज आतनं बघायचो. तुला हाक मारायचं भ्या वाटायचं. हाक मारली आणि ही वळलीच न्हाय तर काय करू, म्हणून. त्या वक्ताला मी लई भ्यालो, बघ. परत न्हाय सोसणार मला."

तिकिटं सोडून दुसऱ्या कशावर तो एवढं लांबलचक कधी बोलला नव्हता. उठून बाजूला जाऊन त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोन कानाला घट्ट धरून तो नुसता व्हय, व्हय म्हणत होता. परत आला. "एकदम बंद केल्यानं झालंय म्हणत्यात. आजच सुरू करा, सांजच्याला घेतली तरी चालतंय, आणि परत आल्या आल्या भेटा. आणि चालू दे म्हणाल्या. चालणं बंद करू नका म्हणाल्या."

"मग मी माताजींना सांगाय पायजे."

"मी सांगू?"

"नेम माझा हाय."

*

संध्याकाळचा विहार गावाबाहेरच्या एका शाळेपर्यंत होता. चालताना माताजी बोलत नाहीत. पोचल्यावर थोडा वेळ मिळतो आणि सूर्य मावळला की त्यांचं मौन सुरू होतं. ते सकाळीच सुटतं. मधल्या तेवढ्या वेळात बोललं नाही तर आणखी एक रात्र. त्रिशलाला ती रात्र समोर दिसत होती. आण्णाप्पा हातात चपला घेऊन तिच्या मागून चालत होता. सवय नसल्यानं खड्यावर पाय पडला की तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायचा. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर आला, मग तुऱ्यांच्या खाली गेला.

शाळेच्या व्हरांड्यात माताजी बसल्या. बायका भोवती बसल्या. कुणीतरी पाय दाबत होतं, कुणी चटई अंथरत होतं. त्रिशला पुढे गेली. माताजी एकट्या असतील अशी तिची आशा होती. त्या एकट्या नव्हत्या. भिंतीवर कन्नड मुळाक्षरं रंगवली होती आणि त्यांच्यावर तांबडं ऊन पडलं होतं.

"माताजी, मी खोटं बोललो."

बायकांची हालचाल थांबली.

"मला औषध हाय. दोन वर्षं झाली. रोज रात्री घेतो. मनाचा आजार हाय मला. तुम्ही विचारलासा तवा मी न्हाय म्हटलं, ह्यांच्यासमोर लाज वाटली म्हणून. गोळी सोडली आणि आता परत…" पुढचा शब्द तिला सापडला नाही. तिनं छातीवर हात ठेवला.

ऊन मुळाक्षरांच्या सर्वांत वरच्या ओळीवर सरकलं होतं. आण्णाप्पा पायरीखाली टोपी हातात धरून उभा होता.

"नियम कशासाठी असतो, बाई?" माताजी म्हणाल्या. "आपल्या पायाखाली कुणी चिरडलं जाऊ नये म्हणून. त्या कुणीमधे तू नाहीस का?"

त्रिशला रडू लागली.

"खोटं बोललीस, त्याचं प्रायश्चित्त घे. णमोकार मंत्राच्या माळा कर, बसून नाही, उद्या चालताना. औषधाला सूट आहे. ती तेव्हा मागितली असतीस तरी मिळाली असती. आता जा, पाणी घे. मी मौनात जाते."

त्या डोळे मिटून बसल्या. मग राजश्री म्हणाली, "अगं बया, आणि मी समजत हुतो, माझ्या घोरण्यानं ही रातभर जागी हाय. रोज कूस बदलून बदलून माझा खांदा गेला की!" दोघी-तिघी हसल्या. एक बाई हसली नाही. ती दुसऱ्या दिवसापासून चौक्यात त्रिशलाच्या हातचं पीठ घ्यायचं टाळू लागली. राजश्रीनं ते बघितलं, आणि लाटणं त्रिशलाच्याच हातात ठेवलं.

त्या संध्याकाळी आण्णाप्पा तांब्या घेऊन आला. साड्यांच्या मधोमधलं पाकीट त्यानंच शोधून काढलं होतं.

*

पुढचे दिवस काही चमत्काराचे नव्हते. झिणझिणी हळूहळू गेली, झोप हळूहळू आली. त्रिशला मागे पडायची आणि तिच्याबरोबर आण्णाप्पा मागे पडायचा. तो परत गेलाच नाही. कणगल्यापर्यंत त्याच्या पायांना इतके फोड आले की बायका त्याला टेम्पोत बसा म्हणू लागल्या. "कंडक्टर बसत न्हाय," तो म्हणायचा, "कंडक्टर हुबा ऱ्हातो." तवंदीचा घाट चढताना त्रिशला माळ ओढत होती आणि तो खांबांवरचे किलोमीटर वाचत होता. मोठ्यानं वाचू नका म्हणून तिनं त्याला दोनदा दटावलं.

स्तवनिधीला ब्रह्मदेवासमोर ती उभी राहिली तेव्हा काही मागायचं सुचलं नाही. बरी कर असं म्हणावं तर ती काही अंशी बरी होती. बरी झाले असं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. चालण्यानं आजार गेला नव्हता. पण चालताना कधीतरी ती काच निघून गेली होती आणि घरी परत आल्यावर पाहिलं तर ती पुन्हा बसली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, गोळी तीच ठेवली, वेळ मात्र संध्याकाळची केली. रात्री काही खायचं नाही, हा साधा नियम त्रिशलानं आता कायमचा घेतला आहे. सकाळी ती अनगोळहून बेळगुंदीच्या रस्त्याला लागते, वाटेल तिथून परत फिरते. काही सकाळी उठवत नाही. त्या दिवशी नाही जात.

माघात निपाणीला नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. सूर्यास्ताआधीची पंगत उठत आली होती. त्रिशलानं पर्समधून गोळी काढली आणि टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला. शेजारी अक्काताई बसली होती, आण्णाप्पाची चुलत बहीण, माणसाचं सगळं विचारून घेतल्याशिवाय न सोडणारी.

"कसली गं गोळी?"

आण्णाप्पाचा हात आईस्क्रीमच्या कपावर थांबला.

"मनाची," त्रिशला म्हणाली. "मन आजारी पडतंय माझं. त्याची."

अक्काताईनं तिच्या तोंडाकडे बघितलं, गोळीकडे बघितलं, मग पेल्याकडे. पेला तिनं त्रिशलाच्या हातातून काढूनच घेतला.

"थांब. हे नळाचं हाय, गाळलेलं न्हाय," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी आणतो आतनं. दिवस हाय अजून."